डब्याची पिशवी शिवून घेताना चिठ्ठीवर काय काय लिहायचं

मागं एका जुलैत चार दिवस सलग झड लागली होती, त्यातल्याच एका दुपारी, आमचे जेवणाचे डबे जातात त्या बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीतून सुपरवायझर दादांचा फोन आला. म्हणाले, वहिनी, आमटी गार, भात गार, ते चालवून घेतो ओ आम्ही पावसाचं, पण झाकणावर हे चांदीसारखं काय चिकटलंय ते जरा बघा. मी म्हटलं डबा तसाच परत द्या, धुऊ नका. संध्याकाळी डबा आला, झाकणाच्या कडेला नखाएवढे चंदेरी पापुद्रे, मिठाईवरच्या वर्खासारखे. पिशवीच्या आतलं चकचकीत अस्तर सुटून डब्यांवर पडत होतं. आमच्या डब्यांना क्लिपची झाकणं आहेत म्हणून आत काही गेलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

शहापुरात घराच्या मागच्या पडवीतच आमचं स्वयंपाकघर. रोजचे एकशेवीसच्या आसपास डबे, निम्म्याहून जास्त उद्यमबाग आणि मच्छेकडं, बाकीचे टिळकवाडी, अनगोळ, वडगाव. तिघं पोरं गाडीवरनं पोचवतात. ज्वारी कुठली घ्यायची, तूरडाळ कुठल्या दुकानची शिजते याच्यावर मी तासभर बोलू शकते, पण पिशवी म्हणाल तर बाजारात गेले, बाहेरनं दिसायला चांगल्या अशा सहा उचलल्या आणि घरी आले, एवढाच विचार केला होता. सकाळी चारला उठून केलेलं जेवण शेवटचा तासभर ज्याच्यात असतं त्या वस्तूचा मी पाच मिनिटंही विचार केला नव्हता, आणि ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर त्या सहातली सगळ्यात खराब पिशवी घेऊन मागच्या पायरीवर बसले आणि कात्रीनं उभी फाडली. ज्यांच्याकडं अशी पिशवी आहे त्यांनी एकदा तरी हे करून बघा. बाहेरचं कापड पातळ, त्याच्या उलट्या बाजूला पाणी अडवायचा जो लेप असतो तो पिठासारखा हाताला लागत होता. मधला फोम जेमतेम तीन मिमी आणि तळाला, जिथं डब्यांचं वजन पडतं तिथं, दाबून दाबून पापड झालेला. आतलं चंदेरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम नव्हतंच, चंदेरी रंगाचा हात मारलेलं प्लास्टिक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती शिवण. बाहेरनं शोभेसाठी शंकरपाळ्यासारखे चौकोन शिवलेले होते ना, ते टाके कापड, फोम, अस्तर सगळ्यातनं आरपार गेलेले. प्रत्येक टाक्याच्या भोकाभोवती आमटीच्या डागाचं बारीक तपकिरी कडं. शेकड्यानं भोकं, तेवढीच कडी. त्यातनं आमटी फोमपर्यंत गेलेली आणि तळाच्या फोमला काळी बुरशी. वास असा की नाकाला पदर लावला मी. आम्ही रोज ओल्या फडक्यानं आतनं पुसत होतो ओ, पण पुसत होतो ते वरचं, घाण बसली होती आत.

तेव्हा मला आमच्या आजीची आठवण आली. ती खानापूर तालुक्यातली, भाताचं रान. लावणीच्या दिवसात पहाटे भात शिजवायची आणि पातेलं जुन्या वाकळेत गुंडाळून, वर पोतं टाकून टोपलीत बसवायची, बांधावर अकराला सोडलं तरी वाफ यायची. वाकळेत काय असतं, जुनी लुगडी, चार-पाच थर. ऊब लुगड्यात नसते, दोन थरांमध्ये जी हवा अडकून बसते तिच्यात असते. हवा हलली नाही की उष्णता तिच्यातनं फार सावकाश जाते. फोम म्हणजे तेच, प्लास्टिकच्या बारीक बारीक बंद फुग्यांत कोंडलेली हवा. म्हणून फोम दबला, ओला झाला की संपलं, फुग्यातली हवा गेली की राहतं ते नुसतं प्लास्टिक. वाकळ ओली झाली की आजी पण ती वापरायची नाही, आधी उन्हात घालायची.

आणि हवासुद्धा नको म्हणून मधली जागा निर्वात करायची ही जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाची १८९२ ची युक्ती, आपला थर्मास. त्यात आतनं चकचकीत मुलामा असतो तो उष्णतेची किरणं परत फिरवायला. पिशवीतलं चंदेरी अस्तर तेच काम करतं, पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, अस्तर आणि डबा यांच्यात थोडी हवेची फट असेल तरच ती चमक कामाची. डबा अस्तराला घट्ट चिकटून बसला तर उष्णता थेट अस्तरात आणि तिथनं पुढं जाते, मग ते कितीही चकाको. तेव्हा चकाकी बघून पिशवी घेऊ नका, पैसे घालायचे ते फोमच्या जाडीत घाला.

आता गार डब्याबद्दल. लोकांना वाटतं गार झालं तर चव जाते, बाकी काय. तसं नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेचं साधं सांगणं आहे की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा नाहीतर ५ अंशांच्या खाली, मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. भाताचं तर आणखी वेगळं आहे, तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की उठतात, आणि त्यांनी सोडलेलं उलटीचं विष नंतर भात गरम केला तरी जात नाही. म्हणजे वाईट पिशवी काय करते बघा, जेवण गरमही ठेवत नाही आणि पटकन गारही होऊ देत नाही, चाळीस-पन्नास अंशांवर उबवत ठेवते. हे कळल्यावर पिशवी हा माझ्यासाठी स्वयंपाकघराचाच भाग झाला.

मग मी चूक केली ती दुसरी. लांबच्या एका मोठ्या शहरातल्या पिशवी बनवणाऱ्यांशी फोनवर बोलणं केलं, त्यांनी एक नमुना पाठवला, नमुना खरंच छान होता, दहा मिमीचा फोम, जाड कापड. मी सगळे पैसे आधी भरले आणि बारा पिशव्या मागवल्या. आल्या त्या बाहेरनं अगदी नमुन्यासारख्या. हातात घेतल्यावर हलक्या वाटल्या म्हणून एक उसवली तर फोम पाच मिमी. फोन केला तर म्हणाले मॅडम, तुम्ही ऑर्डरमध्ये जाडी कुठं लिहिली होती. आणि खरंच लिहिली नव्हती. मी लिहिलं होतं 'नमुन्याप्रमाणे १२ नग, रंग लाल'. वर त्या मापालाही चुकलेल्या, कारण मी डब्याचं माप दिलं ते कडी खाली पाडून. कडी उभी केली की तीन सेंटीमीटर वाढतात, चेन लागेना. ते माप मात्र मीच चुकवलं होतं.

जे आपण लिहीत नाही ते शिवणारा ठरवतो. तो वाईट असतो असं नाही, त्याला स्वस्त पडेल आणि मशीनवर सोपं जाईल तसं तो ठरवतो, कुणीही तेच करेल. त्या दिवसापासून मी वहीच्या दोन पानांची चिठ्ठी करायला घेतली, तिला दोन महिने लागले. त्या चिठ्ठीत काय आलं ते सांगते, कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून.

पहिलं माप, आणि ते आतलं. आमचा तीन ताळी डबा १४ सेंटीमीटर व्यासाचा, क्लिप धरून. एका पिशवीत सहा डबे, तीन-तीनच्या दोन ओळी. म्हणजे ४२ बाय २८, त्यात दोन-दोन सेंटीमीटर सैल, हात घालून डबा काढता आला पाहिजे ना. उंची २५ आणि कडी उभी धरून २८. तेव्हा आतनं ४४ बाय ३० बाय २८. बाहेरचं माप दिलं की फसलात, कारण दहा मिमीचा फोम दोन्ही बाजूंनी दोन सेंटीमीटर खातो आणि शिवणीत जातं ते वेगळंच. मी तर सहा रिकामे डबे पोत्यात भरून शिवणाऱ्याकडं घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर मांडून दाखवले.

सहाच का, बाराची एक का नाही, असं आमच्या पोरांनी पण विचारलं. भरलेला डबा दीड किलोच्या आसपास जातो, सहाचे नऊ किलो. बाराची पिशवी पाठीला लावून पोरगं दुपारभर फिरलं तर त्याच्या कमरेचं काय होणार? दुसरं म्हणजे दर ठिकाणी झाकण उघडलं की वरची गरम हवा जाते आणि गार हवा येते, बारा डब्यांच्या पिशवीतला शेवटचा डबा अकरा वेळा ही थंडी सोसतो, सहातला पाच वेळा. आणि झाकण वरनंच हवं. समोरनं उघडणारी पिशवी काढायला सोपी, पण गरम हवा वर चढते आणि समोरचं दार उघडलं की वरच्या बाजूनं सगळी निघून जाते. वरनं उघडलं तरी जातेच, पण मानानं कमी. डबे कमी असतील तर रिकाम्या जागेत आम्ही स्वच्छ टॉवेल कोंबतो. भरलेली पिशवी अर्धवट पिशवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गरम राहते, हे कुणीही घरी करून बघावं.

मग फोम. ईपीई म्हणतात तो, पांढरा, उद्यमबागेत मशीनचे पार्ट गुंडाळायला वापरतात तोच. जाडी लिहिली म्हणजे झालं असं मला वाटलं होतं, पण तेवढ्याच जाडीत हलका फोम येतो आणि भारी पण येतो, हलका महिन्यात बसतो. ओळखायचं कसं तर वजनानं. एक मीटर बाय एक मीटरचा दहा मिमी जाडीचा तुकडा घ्यायचा, घनता २५, म्हणजे घनमीटरला २५ किलो, असेल तर तो २५० ग्रॅम भरला पाहिजे. मी स्वयंपाकघरातला वजनकाटाच घेऊन गेले. दुकानदार पहिल्यांदा बघतच राहिला, मग त्यानं स्वतःच तीन वेगळे तुकडे काढून दिले, एक १७० भरला, एक २१०, एक २६०. तिन्ही दिसायला सारखे. शेवटचा घेतला. अंगठा दाबून सोडला की खळगा लगेच भरून येतो का तेही बघा.

बाहेरच्या कापडाला डेनियर विचारतात. ९००० मीटर धागा जितके ग्रॅम भरतो तितका डेनियर, म्हणजे ६०० डेनियर म्हणजे तेवढ्या धाग्याचं वजन ६०० ग्रॅम. आमच्या जुन्या पिशवीचं कापड त्याच्या पुढं पातळ होतं ते हातालाच कळायचं. मी लिहिलं ६०० डेनियर पॉलिस्टर, मागनं पाणी अडवायचा पीयू (पॉलियुरेथेन) लेप, आणि दुकानातच कापडाचा तुकडा वाटीसारखा धरून पाणी ओतलं, दहा मिनिटं उभी राहिले. पलीकडं थेंब आला नाही तेव्हा घेतलं.

चेन. चेनचा नंबर म्हणजे ढोबळमानानं बंद दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये, पाच नंबरची चेन शाळेच्या दप्तराला ठीक आहे, रोज शंभरदा उघडबंद करायची तर दहा नंबर हवी आणि दोन रनर, दोन्हीकडनं येऊन मध्ये भेटणारे, एक बिघडला तरी पिशवी बंद होते. वेलक्रो नको असं मी ठळक लिहिलं. दोन महिन्यात त्यात भाकरीचा चुरा, सुतं, केस भरतात आणि ते साफ होत नाही, जेवणाच्या वस्तूवर ते मला बघवत नाही.

आता शिवणार कोण. आमच्याकडं शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा शिवणारे कारागीर चांगले आहेत, आपण उगाच लांब बघतो. माझ्या नणंदेच्या ओळखीनं एक अण्णा मिळाले, घरी कन्नड बोलणारे, माझं कन्नड मोडकं आणि त्यांचं मराठी बऱ्यापैकी. मी दहा मिमीचा फोम पुढं ठेवला, त्यांनी बोटानं दाबला, मशीनच्या पायाखाली धरून बघितला आणि मान हलवली, "आगंगिल्ल री अक्का." होणार नाही म्हणाले. कापड, फोम, अस्तर एवढी जाडी मशीनमधनं जाईना, सुई तुटते. माझा चेहरा पडला. चहा आला, तो पिता पिता मी त्यांना ती फाडलेली जुनी पिशवी दाखवली, भोकांभोवतीची कडी दाखवली. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, अक्का, फोम शिवायचाच कशाला? कापडाची एक पिशवी करतो, अस्तराची एक करतो, फोम मध्ये उशीच्या अभ्र्यात घालतात तसा नुसता सरकवू, वरच्या काठालाच काय ते टाके.

इतकं सोपं. फोममधनं टाका नाही म्हणजे भोक नाही, फोम दबत नाही, आणि खराब झाला तर काढून नवा घालता येतो. तळाचा फोम चारही बाजूंच्या फोमच्या आत घट्ट बसेल असा कापायचा म्हणजे कोपऱ्याला फट राहत नाही, हे पण त्यांचंच. अस्तराला माझं म्हणणं होतं की तळाला शिवण नको, तर त्यांनी तळ आणि दोन लांब बाजू एकाच लांब पट्ट्यातनं यू सारख्या काढल्या, शिवण फक्त आखूड बाजूंच्या कडांना, आणि तिथं आतनं चिकटपट्टी. मोठ्या कारखान्यात अस्तर शिवतच नाहीत, उष्णतेनं चिकटवतात, ते सगळ्यात चांगलं, जास्त नग घेणार असाल तर तेच मागा. आमच्या वीस पिशव्यांना ते परवडणारं नव्हतं. अस्तराचा माल घेताना अन्नाला चालणारा आहे असा कागद दुकानदाराकडं मागितला, दोघांनी दिला नाही, तिसऱ्यानं दिला, त्याच्याकडनं घेतला.

पट्ट्याचं मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ते आमच्या मोठ्या रायडर पोरानं सांगितलं. मावशी, जुन्या पिशवीचा पट्टा बाजूला शिवलेला असतो, खड्ड्यात गाडी आपटली की सगळं वजन त्या चार टाक्यांवर येतं. मग पट्टा बाजूनं खाली जाऊन तळाखालनं पलीकडं वर येईल असा घेतला, पिशवी पट्ट्यात बसते, पट्ट्याला लटकत नाही. त्यानंच सांगितलं की पाठीवर नको, गाडीच्या मागच्या सीटवर सपाट स्टँड द्या. उद्यमबागेत वेल्डिंगवाल्यांना काय तोटा, एका दिवसात तीन स्टँड झाले. डबा सपाट राहतो, आमटी कलंडत नाही आणि पोरांची पाठ मोकळी. पिशवी ज्याच्या हातात दिवसभर असते त्याला आधी विचारा, मी सगळ्यात शेवटी विचारलं.

आधी एकच पिशवी करून घेतली आणि तिची परीक्षा. जुनी एक, नवी एक, दोन्हीत सहा-सहा डबे, सगळ्यात उकळती आमटी नाही तर उकळतं पाणी, मधल्या डब्यात सुईचा थर्मामीटर खुपसायचा आणि बंद करून ओट्यावर ठेवायचं. दोन्ही ८८ वर सुरू झाल्या. तासाभरानं जुनी ६७, नवी ७७. दोन तासांनी जुनी ५३, नवी ६८. मी ते आकडे वहीत लिहिले तेव्हा हात थरथरत होते, कारण इतकी वर्षं शेवटचे डबे कुठल्या तापमानाला पोचत होते ते त्या ५३ मध्ये दिसत होतं. रेल्वे गेट पडलं, पाऊस असला की दीड-दोन तास सहज होतात.

पण पिशवी गरम ठेवते, गरम करत नाही. डब्यात जेवण ७० ला भरलं तर कुठलीही पिशवी ते ८८ चं करणार नाही. त्यामुळं आता आमटी-भात भरायचं काम सगळ्यात शेवटी, भरला की लगेच पिशवीत, आणि पिशवीत आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून आतली हवा आणि अस्तर तापवून घेतो. चपाती-भाकरीचं उलटं आहे, वाफ कोंडली की चपाती ओली होते, म्हणून ती फडक्यात गुंडाळून वेगळ्या ताळीत. भज्यांची, वड्यांची ऑर्डर असेल तर त्या पिशवीला वरच्या बाजूला दोन बोटांची खिडकी ठेवलीय, झडप लावून, वाफ गेली की कुरकुरीत राहतं, थोडी ऊब जाते ती जाऊ दे. सगळ्यासाठी एकच पिशवी हा हट्ट सोडावा लागतो.

पावसाचं दुसऱ्या नमुन्यात सुधारलं. चेन कितीही भारी असो, पाणी तिच्यातनंच शिरतं, म्हणून चेनवर पाच सेंटीमीटरची झडप, वारा येतो त्या बाजूला तोंड न करता. वर वेगळं रेनकव्हर, मागच्या बाजूला चमकणारी पट्टी, धुक्यात आणि संध्याकाळी मागच्या गाडीला दिसायला. नाव कन्नडमध्ये आणि मराठीत दोन्ही छापलं, गिऱ्हाइकं दोन्ही आहेत, खाली फोन नंबर आणि आमचा १४ आकडी एफएसएसएआय अन्न परवान्याचा नंबर. छपाई शिवायच्या आधी सुट्या कापडावर करून घ्या, शिवल्यावर छापलं की शिवणीजवळ शाई फुटते.

पैशाचं बोलणं आता असं करते. कापड, फोम, चेन मी स्वतः आणून देते, अण्णांना शिलाई. निम्मे आधी, निम्मे माल बघून. नमुन्याची एक पिशवी मी सही करून माझ्याकडं ठेवते, कापडाचा आणि फोमचा तुकडा चिठ्ठीला टाचून. आणि आलेल्या लॉटमधली कुठलीही एक मी निवडून वरचा काठ उसवून फोम बघणार, हे आधीच बोललेलं असतं. अण्णांना त्याचं वाईट वाटत नाही, पहिल्या लॉटला त्यांनी स्वतःच ब्लेड हातात दिलं. लांबच्या पुरवठादाराकडनं घेत असाल तर हे सगळं बिलात आणि ऑर्डरमध्ये लिहून घ्या, जाडी, घनता, डेनियर, चेन नंबर, आतलं माप, फोनवरचं बोलणं धरू नका.

सगळं मिळून एक पिशवी बाजारातल्या पिशवीच्या अडीचपट पडली. महाग आहे, नाही म्हणत नाही. पण जुन्या एका पावसाळ्यात गेल्या, या दुसरा पावसाळा बघतायत, आणि आत्तापर्यंत फक्त चार पिशव्यांचा तळाचा फोम बदलला. धुणं रोज, साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून, झाकण उघडं ठेवून उलट्या टांगून वाळवायच्या. पावसात वाळत नाहीत म्हणून वीस केल्या, अर्ध्या वापरात अर्ध्या वाळत. ओली पिशवी चेन लावून ठेवायची नाही, हे स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय.

डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा बंदोबस्तातल्या लोकांचे डबे हलग्याकडं न्यायचे होते, थंडी, सकाळचं धुकं, लांबचा पल्ला. पहिल्या दिवशी मी स्वतः थर्मामीटर घेऊन पोराच्या मागं गाडीवर बसून गेले. शेवटचा डबा उघडला, ६४. तिथल्या एका हवालदार बाईंनी भाताला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, ताई, घरनं आत्ताच उतरवलाय काय? मी त्यांना पिशवी उघडून दाखवली, सगळी, फोमसकट.

सध्या ताक आणि श्रीखंडाच्या पिशवीवर काम चालू आहे, उन्हाळ्यात ती मागणी फार येते. तिथं फोम तोच, पण बर्फाच्या थैल्या खाली नाही, वर ठेवायच्या, गार हवा खाली उतरते म्हणून, आणि थैल्यांसाठी झाकणाच्या आतनं जाळीचा कप्पा. आज पहिला नमुना ओट्यावर ठेवलाय, सकाळी दहाला ताक ४ अंशांवर होतं, आता दीड वाजलाय आणि ९ दाखवतोय. अण्णांना फोन केला, म्हणाले उद्या पंधरा मिमीचा फोम घेऊन येतो अक्का, झाकणालाच आधी घालून बघू.